मान आंबली होती, दायफू

आदरणीय दायफू,

सा. न. वि. वि.

तुमच्या चिनीत डॉक्टरला दायफू म्हणतात, म्हणून मीही तुम्हाला तेच म्हणते. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे. माझ्या मानेचं दुखणं तुम्ही माझ्याच भाषेतल्या शब्दांत ऐकून घेतलं होतंत, म्हणून. तुम्ही निवृत्त झालात एवढंच कळलं, पत्ता मिळाला नाही. बीजिंगमध्ये शिकणाऱ्या आपल्या कुणा मुलामुलीने वाचून तुमच्यापर्यंत पोचवलं तर बरं.

ते माझं बीजिंगमधलं दुसरं वर्ष. रोज पाच-सहा तास वहीवर वाकून चिनी अक्षरं गिरवायची आणि वायव्येकडून येणारा जानेवारीचा कोरडा वारा अंगावर घेत सायकलने घरी जायचं. एका सकाळी मान वळेचना. शेजारच्या आजींनी त्याला ‘लाओजन’ म्हटलं. आपल्याकडे मानेत उसण भरली म्हणतात तेच हे, असं समजून मी दुर्लक्ष केलं. मग कवटीच्या मागून निघालेली कळ कपाळावरून डोळ्यात उतरू लागली, आठवड्यातले तीन-चार दिवस. एका मालिशवाल्याने मान झटक्यात वळवून दिली, त्यानंतर दोन दिवस चक्कर येत होती. तशीच तुमच्याकडे ॲक्युपंक्चरसाठी आले.

पहिल्या दिवशी तुम्ही सुई लावलीच नाहीत. हाताला मुंग्या येतात का, नजर धूसर होते का, उलटी, ताप, सगळं विचारलंत, रक्तदाब पाहिलात आणि आधी मानेचा एमआरआय करून या म्हणालात. मला राग आला होता. आज सगळ्यात आधी आभार मानायचे आहेत ते त्या नकाराचे.

त्याचं कारण तुम्ही नंतर समजावलंत. सुई लावायची ती जागा फेंगची, म्हणजे वाऱ्याचं तळं. अंगातून प्राणशक्ती ज्या वाटांनी वाहते असं तुम्ही मानता, त्यांतल्या पित्ताशयाच्या वाहिनीवरचा 20 वा बिंदू. कवटीच्या खालच्या कडेला मानेचे दोन मोठे स्नायू वर जाऊन जोडले जातात, त्यांच्यामधला खळगा, दोन्ही बाजूंना एकेक. बाहेरचा वारा तिथून शिरतो नि तिथेच साचतो, अशी तुमच्या शास्त्राची धारणा. त्या खळग्याच्या खाली खोलवर लंबमज्जा, म्हणजे मेंदूचा तळचा भाग असतो, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा. म्हणून सुईचं टोक किंचित खाली, नाकाच्या शेंड्याच्या रोखाने, आणि खोली एक त्सुनच्या आसपास. त्सुन म्हणजे रोग्याच्याच अंगठ्याच्या सांध्याची रुंदी! माझा अंगठा तुम्ही हातात घेऊन मोजलात तेव्हा मला आयुर्वेदातलं स्वांगुल आठवलं. ज्याचं शरीर, त्याचंच माप. डोकं नि मान जुळतात तिथे आपले वैद्यही ‘कृकाटिका’ नावाचं मर्म सांगतात आणि तिथे जपायला बजावतात. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. पण हात जपून चालवावा अशी ती जागा आहे, एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

सुई केसाएवढी. टोचल्याचं कळलंही नाही. मग तुम्ही ती हळूच फिरवलीत आणि विचारलंत, “सुआन? मा? जांग? जोंग?” मा म्हणजे बधिरपणा, जांग म्हणजे आतून तट्ट फुगल्यासारखं, जोंग म्हणजे जड. सुआन मात्र आधी आंबट. चिंचेला सुआन, व्हिनेगरला सुआन, आणि थकलेल्या स्नायूलाही सुआन. मी पडल्या पडल्या म्हणाले, दायफू, आमच्याकडेही अंग आंबतं! दळण-कांडण करून आजीचे हात आंबायचे. तुम्ही थांबलात, मला तो शब्द तीनदा म्हणायला लावलात आणि केसपेपरवर उच्चारासाठी दोन चिनी अक्षरं लिहून ठेवलीत. पुढच्या खेपेला दारातच विचारलंत, “आज आंबलंय का?” परक्या देशात इतकं मायेने कुणी काही विचारलं नव्हतं.

आठ बैठकांनंतर कळ महिन्यातून एखादवेळी, इतकी कमी झाली. त्यात सुईचा वाटा किती, मफलरचा किती आणि तुमच्या सांगण्यावरून टेबल उंच केल्याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. हे तिन्ही तुम्हीच दिलंत. शेवटच्या दिवशी पैसे न घेता अर्धा तास बसवून शिकवलंत: दोन्ही अंगठे खळग्यात, बाकीची बोटं डोक्यावर, दाब वर डोळ्यांकडे, सावकाश, श्वास सोडताना. सुया घरी कधीच नाहीत. आता आईची मान धरली की मी तेच करते. ती डोळे मिटून म्हणते, “हां, इथंच.”

मी सोलापूरची म्हटल्यावर तुम्ही लगेच “के दीहुआ!” म्हणालात, आठवतं? ते चिनी नाव आमच्या डॉ. कोटणिसांचं, 1938 साली भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि 1942 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारलेले. त्यांच्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन तुमची ही सुईची विद्या शिकले आणि कोलकात्याला घेऊन आले, हे मला तुमच्याकडूनच कळलं. भैय्या चौकातलं कोटणिसांचं घर आता स्मारक आहे. बघायला याल असं तुम्ही म्हणाला होतात. या. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आई स्वतः करणार आहे, आणि तुमच्या त्या दोन अक्षरांतून ‘आंबलं’ कसं ऐकू येतं, ते तिला ऐकायचं आहे.

आपली कृतज्ञ,
सोलापूरची विद्यार्थिनी