बाबांच्या इंजेक्शनची तक्रार आत्ताच का करायची

ती. बाबा आणि सौ. आईस,

सा. न.

फोनवर बाबा म्हणाले, "आता बरं वाटतंय ना, मग कशाला वाकड्यात शिरायचं? उद्या त्याच दवाखान्यात जायचंय." आईचं म्हणणं, आधी तब्येत धड होऊ दे, मग बघू. दोघांचंही मला कळतं. पण "मग बघू" म्हणता म्हणता मुदत उलटते, म्हणून सविस्तर लिहितेय.

झालं ते किरकोळ नव्हतं. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असं लिहिलेलं होतं. आई, तू सिस्टरना तोंडीही सांगितलंस. तरी इंजेक्शन दिलं गेलं आणि बाबांचा घसा सुजून श्वास कोंडला. त्यानंतर तिथल्याच डॉक्टरांनी धावपळ करून त्यांना वाचवलं. ते मी विसरलेली नाही, अर्जातही लिहिलंय. पण लाल शाईतलं कुणी का वाचलं नाही, याचं उत्तर आपल्याला मिळायलाच हवं. उद्या त्या खाटेवर दुसरं कुणी असेल.

सगळ्यात कडक मुदत मानवी हक्क आयोगाची आहे. राष्ट्रीय असो वा राज्याचा, १९९३ च्या कायद्याप्रमाणे घटनेला एक वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. हे वर्ष घटनेच्या दिवसापासून मोजतात, घरी आल्यापासून किंवा बरं वाटल्यापासून नाही. आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे तक्रार दिली म्हणून ते थांबतही नाही. "चौकशी सुरू आहे" एवढ्या उत्तरावर माणसं महिनोन्महिने थांबतात, तिथेच फसतात. लोकायुक्तांकडे गाऱ्हाणं न्यायचं तर बारा महिने, पण ते आपल्याला गोष्ट कळल्यापासून.

काका म्हणाले की ग्राहक आयोगात दोन वर्षं मिळतात. २०१९ च्या कायद्यात तशी मुदत आहे, उशिराचं सबळ कारण पटलं तर त्यापुढेही तक्रार घेतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणून आपण ग्राहक ठरत नाही. काही रुग्णांकडून उपचाराचे पैसे घेत असतील तर गोष्ट वेगळी, मग मोफतवालेही ग्राहकच. आपलं रुग्णालय सरसकट मोफत आहे, तेव्हा त्या दोन वर्षांवर विसंबू नका.

आधी कागद हातात हवेत. डिस्चार्ज कार्ड तुमच्याकडे आहे, पण इंजेक्शन कधी आणि कुणी दिलं हे वॉर्डातल्या नोंदीत असतं. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करू. त्याला ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. म्हणजे नुसते कागद मिळवण्यातच दोन-तीन महिने सहज जातात, आणि वर्ष मात्र चालूच असतं.

बाबा, त्याच दवाखान्यात पुन्हा जायचंय ही तुमची धास्ती खरी आहे. म्हणूनच अर्जात कुणावर आग पाखडलेली नाही. काय घडलं ते तारीखवार लिहिलंय आणि तीन प्रश्न विचारलेत. तक्रार केली म्हणून उपचार नाकारायचा अधिकार कुणालाही नाही. तसं कुणी वागलंच तर मला लगेच फोन करा, मी येईन.

नोंदींसाठीचा अर्ज आणि अधीक्षकांकडची तक्रार, दोन्ही सोबत पाठवलंय. बाबांनी सही करून तारीख घालावी. आई, दोन-दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घेतल्याशिवाय परतू नकोस. शिक्का देईनात तर वाद घालू नको, स्पीड पोस्टानं पाठवू. मूळ केसपेपर कुणाच्याही हाती देऊ नका, फक्त झेरॉक्स द्या. आयोगाचा अर्ज मी मराठीतच लिहायला घेतलाय, त्याला फी लागत नाही.

तुमची लेक