कुत्र्याचे झोपेतले श्वास मोजा

महोदय,

पॉमेरेनियन, डॅशहंडसारख्या लहान कुत्र्यांत उतारवयात हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) जाड होऊन नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळू लागते. त्यातून येणारा खोकला दिसला की घरचे कफ सिरप पाजतात आणि आठवडे वाया जातात. त्यापेक्षा कुत्रा गाढ झोपल्यावर छाती ३० सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजा, दुप्पट करा. आकडा मिनिटाला ३० च्या वरच राहू लागला, तर फुप्फुसांत पाणी साचत असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हृदयविकार मांजरांनाही होतो; मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा मागचे पाय अचानक लुळे, थंड पडले, तर मोजत बसू नका, तडक निघा. वाटेत जबरदस्तीने आडवे करू नका, पाणी पाजू नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच! रात्री ऑक्सिजनची सोय असलेल्या पशुदवाखान्यांची यादी महापालिकेने वॉर्ड ऑफिसच्या फलकावर तरी लावावी.

– एक पशुवैद्यक, पुणे