फाटकाचा खांब, चंदेरी गाडी आणि तुमचं मलमलचं फडकं

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

गाडीवरचे ओरखडे आणि टवके बुजवायला तुम्ही मला शिकवलंत. समोर येऊन त्याचे आभार मानायला गेले की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय मोडता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचा मोबाईल फक्त फोन उचलण्यापुरता, तेव्हा नातवाने वाचून दाखवलं तरच हे तुमच्यापर्यंत पोचेल. त्याला आत्ताच सांगून ठेवते, मधली वाक्यं गाळू नकोस.

दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी गाडी मागे घेताना मी ती फाटकाच्या खांबाला घासली. खांब बिनगिलाव्याचा, जांभ्या चिऱ्याचा. म्हणजे किसणीच. मागच्या दरवाज्यावर वीतभर ओरखडा आणि त्यात लाल पूड भरलेली. घरात कुणाच्या नजरेला पडायच्या आत पुसून टाकावं म्हणून मी भांड्यांची हिरवी घासणी आणली. पूड गेली, पण ओरखड्याभोवती ताटाएवढा भाग आंधळा झाला. नेमके तेव्हाच तुम्ही दूध घेऊन चालला होतात. "टोप घासतेस की गाडी गो?" एवढंच विचारलंत. पिशवी कठड्यावर ठेवलीत आणि उकिडवे बसलात.

त्याआधी बॉनेटवरच्या टवक्यांचं दुखणं होतंच. महामार्गावर खडीच्या डंपरमागे राहायची शिक्षा. गॅरेजवाल्याने बॉनेट आणि दरवाजा, दोन पॅनलचे मिळून नऊ हजार सांगितले होते. विम्यातून करावं, तर पाच वर्षं दावा न केल्यामुळे हप्त्यावर मिळणारी 50 टक्के सवलत जाणार, आणि शिवाय पहिले 1,000 रुपये आपल्याच खिशातून.

पैशाचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायला सांगितलंत. नख कुठे सरळ घसरलं, कुठे अडकलं. मग ओला स्पंज फिरवायला लावलात, आणि घसरलेल्या भागातली रेघ पाण्याखाली चक्क दिसेनाशी झाली. ती फक्त वरच्या लॅकरमधली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातली, रबिंग कंपाऊंडने (घासून चकाकी आणायच्या लेपाने) जाईल, म्हणालात. नख अडकत होतं तिथे रंगाखालचा करडा प्रायमर दिसत होता, तेवढा चार बोटांचा तुकडा रंग मागत होता. पत्रा उघडा पडला असता तर त्याच दिवशी झाकावा लागला असता, आपल्याकडची खारी हवा थांबत नाही. मी मात्र सगळा दरवाजा गेला म्हणून रात्रभर जागायच्या तयारीत होते!

घासणीचे वळ रबिंग कंपाऊंडने निघाले. पण निघाले म्हणजे काय, तर आजूबाजूचं लॅकर तेवढंच झिजवून खाली आणलं. हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यातच नव्हतं. गाडीचा सगळा रंग, पत्र्यावरच्या पहिल्या थरापासून वरच्या चकाकीपर्यंत, साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-सातवा भाग. त्यातलं लॅकर वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. "त्यातलं किती खायचं ते ठरव आणि मग हात लाव."

रंगाचा कोड शोधायला तुम्ही बॉनेट उघडायला लावलंत. आतल्या पत्र्यावरच्या पट्टीवर Z2S ऐवजी मी आधी 'झेड-टू-पाच' वाचलं होतं, झेडटूएस निघाला. सिल्की सिल्व्हर. (काही गाड्यांत ही पट्टी दरवाज्याच्या खांबावर असते.) चंदेरी ऐकताच तुमचा चेहरा पडला होता, तो आता कळतो. त्या रंगात धातूचे बारीक कण असतात. कारखान्यात फवाऱ्याने ते एका तऱ्हेने बसतात, ब्रशने दुसऱ्या. कोड तंतोतंत जुळला तरी एका बाजूने पाहिलं की ठिपका गडद दिसणारच. मुंबईच्या गॅरेजात काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रंगवल्यात तुम्ही. काळा रंग सगळं माफ करतो, म्हणालात. 2023च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा पेपर घडी घालून खिशात ठेवलात तेही मी पाहिलंय. तुम्ही रंगाला अजून 'ड्युको'च म्हणता. शोधलं तर ते कंपनीने ठेवलेलं नाव निघालं, 1923 साली अमेरिकेत ओकलंड नावाच्या गाड्यांवर आलेल्या रंगाचं. शंभर वर्षं झाली, आपल्या गॅरेजांतून काही ते गेलं नाही.

रंगाची बाटली आली, तरी तुम्ही मला गाडीला हात लावू दिला नाहीत. आधी बिस्किटाच्या डब्याचं झाकण. त्याला खिळ्याने टवके पाडले आणि तीन संध्याकाळी मी तेच भरत बसले. बाटली दोन मिनिटं हलवायची, आतली गोळी खडखडली पाहिजे, नाहीतर कण तळाशी आणि वर नुसतं पाणी. बाटलीच्या झाकणातला ब्रश तुम्ही बाजूला ठेवायला लावलात, टवक्यासाठी तो म्हणजे केरसुणी. त्याऐवजी काडेपेटीतली काडी, गुल नसलेल्या टोकाला पॉलिश पेपरवर घासून टोकदार केलेली. टोकावर मोहरीएवढा थेंब घ्यायचा, टवक्याच्या मधोमध टेकवायचा आणि काडी उचलायची. फासायचं नाही, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. वाळला की आक्रसून खड्डा पुन्हा दिसतो, मग दुसरा थेंब. मी पहिल्याच वेळी खड्डा काठोकाठ भरला होता. वरून साय धरली, आत ओलाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी बोट लागताच सगळा थेंब निघून आला.

बॉनेटवर सात टवके होते आणि एकात गंज धरला होता, सुपारीच्या रंगाचा. त्यावर तसाच रंग लावला तर आतून फुगून येईल, म्हणून मुलाच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने तो उकरायला लावलात. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. मग स्पिरिटने पुसून प्रायमरचा एक थेंब, आणि रंग दुसऱ्या दिवशी. मुलाला नवं कर्कटक घ्यावं लागलं, ते तुमच्या खात्यावर.

भरलेल्या रंगावर लॅकर लावून झाल्यावर आठ दिवस थांबायला सांगितलंत, ते सगळ्यात जड गेलं. पावसाळ्यात हे काम करूच नको, दमट हवेत लॅकर दुधाळ होतं, हेही तेव्हाच. नवव्या दिवशी खोडरबराला दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा अगदी बारीक पॉलिश पेपर, गुंडाळून, साबणाच्या पाण्यात बुडवून, थेंबाचा उंचवटा तेवढा घासला. नुसत्या बोटाने घासलं तर कागद खड्ड्यात शिरतो आणि आजूबाजूला चर पडतात, खोडरबर सपाट राहतो. मग तीन हजार, मग कंपाऊंड, मग पॉलिश.

पाच टवके आता मलाच शोधावे लागतात. सहावा उन्हात दिसतो. सातव्यापाशी मी चुकले. तो बॉनेटच्या कडेच्या घडीवर होता, तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि मला आणखी थोडं, आणखी थोडं करायची हाव सुटली. पाणी करडं व्हायला लागलं तसे तुम्ही खुर्चीतून ओरडलात, "हात काढ!" लॅकर संपून रंग निघत होता. मला अजून एकदा करून बघायचं होतं, आणि तुम्ही बाटलीच स्वतःच्या खिशात टाकलीत. तेव्हा राग आला होता, काका. तो ठिपका अजून आहे, डाव्या दिव्याच्या वर, तांदळाएवढा. यजमानांना मी दाखवला तेव्हा दिसला.

सगळं मिळून खर्च आला बाराशेच्या आत, कर्कटक धरून. तुम्ही घेतलंत काय, तर तीन आठवड्यांत मोजून अकरा कप चहा आणि एकदा घावणे.

तुमचं मलमलचं फडकं अजून माझ्याकडेच आहे. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही, त्यात एक खडा शिरला तरी केलेलं काम वाया, हा तुमचा नियम. मी ते धुऊन दोरीवर घातलं होतं, परवाच्या वाऱ्याने अंगणात येऊन पडलं. आता ते सायकलीला. तुमच्यासाठी आईच्या जुन्या मलमलीच्या साडीतलं एक फाडून ठेवलंय, रविवारी आणून देते. येताना खांब सांभाळून येईन.

तुमची,
वरच्या आळीतली चंदेरी गाडीवाली