सर्जरीची पोस्टिंग आधी मिळावी

संपादक महोदय,
मी एमबीबीएस इंटर्न आहे. पुढे सर्जरीतच एमएस ही पदव्युत्तर पदवी घ्यायचीय. 2021 च्या नियमांनुसार इंटर्नशिपमध्ये जनरल सर्जरीला 6 आठवडे, कम्युनिटी मेडिसिनला, म्हणजे बहुतेक गावातल्या पोस्टिंगला, 12. ग्रामीण पोस्टिंगला माझी हरकत मुळीच नाही. केळीच्या बागेत विळ्यानं तळहात फाटलेला मजूर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातच येतो. पण टाके घालायला आपला हात बसलेला हवा! तो बसतो ऑपरेशन थिएटरमध्ये, सीनिअर शेजारी उभं राहून गाठ पुन्हा बांधायला लावतात तेव्हा. म्हणून सर्जरी आधी, गाव नंतर, असा क्रम इच्छुकांना मागता यावा. आमच्याकडे वेळापत्रक आयत्या वेळी लागतं. ते महिनाभर आधी मिळालं तर इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या पसंतीची पोस्टिंग, विचारपूर्वक निवडता येईल, एमएससाठीच्या नीट-पीजी प्रवेश परीक्षेचा अभ्यासही आखता येईल.

– एक इंटर्न, जि. जळगाव