आत्या, हे पत्र चारचौघांत लिहितोय

ती. आत्यास,
सा. न.

आभार फोनवर मानले असते तर तू "पुरे रे" म्हणून ठेवून दिला असतास. शिवाय तुझी टिंगल चारचौघांत झाली होती, तेव्हा हेही चारचौघांतच.

"परळला शी तपासायला जाते" असं वाडीत तुला म्हणायचे, कारण तू तिथल्या पोलिओच्या लॅबमध्ये होतीस. मीही दात काढलेत. मग एका मे महिन्यात तू मला पडवीत बसवून सांगितलंस. पोराचा पाय अचानक लुळा पडला की शौचाचे दोन नमुने, निदान चोवीस तासांच्या अंतराने, चौदा दिवसांच्या आत, बर्फात घालून लॅबला. दोन कशाला? विषाणू रोज सारखा पडत नाही, एकात हुकला तर दुसऱ्यात गावतो. मग काचेला चिकटून वाढलेल्या पेशींवर तो नमुना सोडायचा आणि रोज सूक्ष्मदर्शकातून बघायचं. विषाणू असला तर पेशी गोल होतात आणि सुटतात, "खडकावरची कालवं सुटावीत तशा." त्यात उंदराच्या काही पेशी अशा, की माणसाच्या पेशीवरचं जे कुलूप उघडून पोलिओ आत शिरतो, ते त्यांना मुद्दाम बसवलेलं. त्या दिवसापासून मी हसलो नाही.

2009 साली गणपती 23 ऑगस्टला होते. 3 तारखेला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झालेला, आणि आमचा धाकटा पुण्याहून येऊन दुसऱ्याच दिवशी तापाने फणफणला. शेजार आरतीला फिरकेना. कुणी म्हणे, यांच्या विहिरीचं पाणी नको. तोवर तू पुण्यात फ्लूच्या कामावर, नमुन्यांचा ढीग पडलेला, रजा कुठली! रात्री साडेअकराला तुझा फोन. आधी डॉक्टरांकडे न्या, धाप लागते का बघा, मागच्या खोलीत वेगळा झोपवा. मग म्हणालीस, "अण्णांना दे फोन." शेजारच्या अण्णांना काय सुनावलंस देव जाणे. मला एवढंच ऐकू आलं, "खोकल्या-शिंकेतून लागतो तो, विहिरीतून नाही." दुसऱ्या संध्याकाळी अंगणात आरतीला सगळी वाडी. झांजा अण्णांच्याच हातात.

27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा मी ओरडलो, "आत्या, जिंकलीस!" तू म्हणालीस, "हावड्याची ती पोर शेवटची, जानेवारी 2011 ची. पण शेजारी देशात आहे ना अजून. नमुन्यांचे डबे येतच राहणार."

आता निवृत्त होऊन घरी आलीस. रविवारी ओहोटी सकाळीच आहे, कालवं काढायला जाऊ. सुरी मी घेतो.

तुझा भाचा