अमर शेखांचा आवाज टेपांवरून वेळेत उतरवून घ्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मा. मंत्रिमहोदय,

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल महाराष्ट्राला शाहीर अमर शेख म्हणून ठाऊक आहेत. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत १९४४ साली त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. गिरणगावातल्या सभांपासून संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानांपर्यंत त्यांचा आवाज माणसे गोळा करत राहिला. १९६९ साली १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.

त्यांची कविता ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ या संग्रहांत छापलेली आहे. पण चाल कागदावर उतरत नाही. झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे सूर धरणाऱ्या साथीदारांनी, ओळ कुठे उचलली, डफाची थाप कुठे थांबली, शाहिराने श्वास कुठे घेतला, हे फक्त ध्वनिमुद्रणातून कळते. म्हणून मागणी एकच: स्मारक उभारण्याच्या आधी टेपा उतरवून घेण्याचा खर्च मंजूर करा.

जुन्या स्पूल टेपा, कॅसेटी आणि तबकड्या कार्यकर्त्यांच्या घरांत आणि संघटनांच्या कपाटांत शोधाव्या लागतील. हाती आलेली टेप लगेच यंत्रावर चढवू नये. आधी डबा उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेटची (एक जुने प्लास्टिक) टेप कुजू लागली आहे. तिच्यातून सुटणारे आम्ल कुजण्याचा वेग आणखी वाढवते, म्हणून ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवून सर्वांत आधी उतरवावी. वास नसेल तर स्पूल उजेडासमोर धरावा. ॲसिटेटमधून उजेड आरपार दिसतो, पॉलिएस्टर काळे दिसते. हा फरक कळणे अत्यावश्यक आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही पॉलिएस्टर टेपांचा बांधक थर (चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा थर) दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो. टेप किंचाळते आणि हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राळ साठते. अशी टेप इन्क्युबेटरमध्ये साधारण ५० अंश सेल्सिअसला किमान आठ तास ठेवली की काही आठवडे वाजवण्याजोगी होते. तोच उपचार ॲसिटेटला केला तर ती वाकडी होऊन तुटते. घरगुती ओव्हन कधीही वापरू नये, त्यात तापमान स्थिर राहत नाही.

प्रत्येक टेपेसाठी हेडचा कोन नव्याने जुळवावा लागतो. झांज आणि तुणतुण्याची तार सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबावे. वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर की साडेनऊ, हे डब्यावर लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. मुद्रणात विजेची गुणगुण उतरली असेल तर ती ५० हर्ट्झच्या आसपास येते का, हे तपासावे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची असते. वेग चुकला की शाहिराची पट्टीच बदलते आणि पुढच्या पिढ्या ती खोटी पट्टी शिकतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना जाड, सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते आणि त्या अल्कोहोलने पुसू नयेत, त्यांतली लाख विरघळते.

मूळ डिजिटल प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (WAV) फाइलच्या स्वरूपात घ्यावी. स्टिरिओचा एक तास साधारण २ गिगाबाइट होतो. साठवण हा आता मोठा खर्च नाही. खर्च कुशल माणसांचा आणि चालू स्थितीतल्या यंत्रांचा आहे, आणि निविदेत नेमकी तिथेच काटछाट होते. तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या शहरात. मूळ प्रतीवरून खरखर काढू नये. त्या गाळणीत झांज जाते, टाळ्या जातात, मैदानातून उठलेल्या घोषणाही जातात. सभा कशी पेटली होती याचा पुरावा त्यातच असतो.

नोंदणीत कवी आणि गायक यांचे रकाने वेगळे हवेत. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड (लावणीचा एक प्रकार) अण्णा भाऊंची, पण ती अमर शेखांच्या आवाजाने गाजली, आणि आजही अशा गाण्यांवर चुकीचे नाव सर्रास पडते. एकाच गाण्याचे शब्द गावोगाव बदललेले सापडतील. प्रत्येक पाठ स्वतंत्र नोंदवावा, ‘शुद्ध’ करू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. संयुक्त महाराष्ट्राची गाणी तेवढी घ्यायची आणि संपाची, कम्युनिस्ट पक्षाची, लाल बावट्याची गाणी बाजूला ठेवायची, अशी निवड आम्हाला मान्य नाही. तो एकच माणूस होता आणि एकाच श्वासात दोन्ही गात होता. आपल्याच खात्याच्या पुराभिलेख संचालनालयात गृह विभागाच्या जुन्या फायली आहेत. कलापथकाच्या कार्यक्रमांविषयी त्यांत काय नोंदले गेले, त्याचाही शोध या कामात धरावा.

हक्कांचा प्रश्न अडथळा म्हणून पुढे येईल. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो, म्हणजे अमर शेख आणि अण्णा भाऊ या दोघांच्या रचनांवर तो २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. तेव्हा वारसांशी आणि टेपा जपणाऱ्यांशी लेखी करार आत्ताच करावेत: मूळ टेप मालकाला परत, एक डिजिटल प्रत त्याला विनामूल्य, आणि अभ्यासकांना ऐकण्याची परवानगी पहिल्या दिवसापासून. करारात पान भरून अटी घातल्या तर लोक टेपा देत नाहीत. एक पानी, मराठीतला करार पुरेसा आहे.

शोधाचे काम येत्या पावसाळ्याच्या आत सुरू व्हावे. दमट हवेत टेपांवर बुरशी चढते, आणि ती साफ करण्यातच निम्मा निधी जाईल.

आपले,
शाहिरी ध्वनिमुद्रणांच्या जतनाचे काम करणारे