बाबा आता चहा पिऊन ‘आ’ म्हणतात

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

पक्षाघातानंतर बाबा घरी आले तेव्हा हातापायांच्या व्यायामाचा कागद मिळाला होता. गिळण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. पाणी पिताना ठसका लागायचा, आम्ही पाठ चोळायचो. पंधरा दिवसांत न्यूमोनिया झाला. मग कुणीतरी म्हणालं, स्पीच थेरपिस्टला दाखवा. बोलणं शिकवणाऱ्या बाई गिळण्याचं काय बघणार, असंच मला वाटलं होतं.

तुम्ही आलात, बाबांना ताठ बसवलंत, चमचाभर पाणी दिलंत आणि गळ्यावर बोटं ठेवून ‘आ’ म्हणायला सांगितलंत. आवाज ओला, घरघरता आला. ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा जन्मभर तांब्या उंच धरून, मान मागे टाकून वरून पाणी पिणारे. नेमकं तेच आता घातक होतं. तुम्ही प्लास्टिकच्या पेल्याची एक कड नाकापुरती कापलीत. पेला कलला तरी मान मागे जाईना. तपासून झाल्यावर म्हणालात, “काका, हनुवटी छातीकडे, मग घोट. हे तुमच्यासाठी, सगळ्यांना नाही चालत.”

पातळ पाणी इतकं झरकन उतरतं की श्वासनलिका मिटायला वेळच मिळत नाही, म्हणून पावडर घालून ते दाट करायचं. किती दाट, तेही आमच्या ओट्यावरच दाखवलंत: 10 मिलिची बिनसुईची सिरिंज भरायची, 10 सेकंद वाहू द्यायची, आत 4 ते 8 मिलि उरलं की बाबांसाठी बरोबर. माझा हात थरथरत होता. तुम्ही चार वेळा करून घेतलंत.

ते दाट पाणी बाबांना मुळीच आवडलं नाही. तुम्ही त्यांना रागावला नाहीत. अशाने माणूस पाणीच कमी पितो, म्हणून वहीत वाट्या मोजायला लावल्यात. तोंडातले जंतू पाण्याबरोबर फुफ्फुसात जाऊ नयेत म्हणून रोज दोनदा दात घासायला सांगितलंत. ती वही अजून चालू आहे.

परवा बाबांनी दाट केलेल्या चहाचा पेला स्वतः धरला. हनुवटी खाली घेतली, गिळलं, आणि कुणी न सांगता ‘आ’ म्हणाले. आवाज स्वच्छ होता.

तुमची,
बाबांची लेक